पेटी की पिशवी? संभाजीनगर ते नळदुर्ग, दोन हिमालयन आणि एक मेव्हणा

माझा मेव्हणा लातूरचा. रॉयल एनफिल्डची हिमालयन 411 ही मोटारसायकल त्याच्याकडेही आहे आणि माझ्याकडेही, त्यामुळे गाडीवरून भांडायची सोय नाही. उरतं सामान. त्याच्या गाडीला दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या आणि मागे टॉप बॉक्स. माझ्या गाडीला कापडी सॅडलबॅगा आणि सीटवर पट्ट्यांनी आवळलेली टेलबॅग. दसरा झाला, पाऊस परतीला लागला आणि आम्ही निघालो: छत्रपती संभाजीनगर, बीड, अंबाजोगाई, औसा, तुळजापूर, नळदुर्ग आणि येताना धाराशिवमार्गे परत.

हार्ड की सॉफ्ट, म्हणजे पेटी की कापडी पिशवी, या विषयावर व्हिडिओंचा नुसता ढीग आहे, पण बहुतेक सगळे लडाखला जाऊन आलेल्यांचे. नाले ओलांडताना काय, बर्फात काय. आपल्याकडे मराठवाड्यात ना तसले नाले ना बर्फ. आपल्याकडे आहेत रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन, डबल ट्रॉलीचे उसाचे ट्रॅक्टर, काळ्या मातीचा चिखल, गावागणिक गतिरोधक आणि दर पन्नास-साठ किलोमीटरवर गाडी सोडून पायी आत जावं लागेल असं एखादं देऊळ नाहीतर किल्ला. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात घ्या. माझं सगळं म्हणणं तिच्यावरच उभं आहे.

संभाजीनगर ते बीड हा धुळे-सोलापूर महामार्ग चौपदरी आहे, त्याच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. शहागडला गोदावरी ओलांडली, गेवराईला चहा घेतला. या टप्प्यात पेट्यांचा एकच प्रश्न येतो, वारा. ट्रक ओलांडून पुढे निघालं की बाजूने झोत लागतो आणि पेटीवाली गाडी किंचित डुलते. टॉप बॉक्स जड भरला असेल तर जास्तच, कारण ते वजन मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे आणि वर बसतं, पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल थरथरायला लागतं. म्हणूनच बहुतेक टॉप बॉक्सवर 10 किलो किंवा त्याहूनही कमी अशी मर्यादा छापलेली असते. ती कोणी वाचत नाही. मेव्हण्याने त्यात पंक्चरचं किट, हवेचा पंप, पान्यांचा गुंडाळा आणि दोन लिटर पाणी भरलं होतं. गेवराईत मी ते सगळं खाली बाजूच्या पेट्यांत हलवायला लावलं. जड ते खाली आणि जितकं पुढे सरकेल तितकं पुढे, हलकं ते वर. हा नियम पिशव्यांनाही लागू आहे. मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, तोही तिथेच वाढवला. त्यासाठीचा आकड्यासारखा पाना, सी स्पॅनर, गाडीच्या टूलकिटमध्येच असतो, पण अनेकांनी तो पिशवीतून कधी बाहेरही काढलेला नसतो.

वजनाचा हिशोब एकदा घालून टाकतो. नुसती गाडी 199 किलो. ॲल्युमिनियमची एक पेटी रिकामी साधारण पाच किलोची, अशा दोन, वर त्यांची लोखंडी फ्रेम. म्हणजे एक मोजाही आत ठेवायच्या आधी पंधरा किलोच्या आसपास वजन चढलेलं. माझ्या दोन्ही सॅडलबॅगा मिळून तीन-चार किलो. रुंदीचंही तसंच. पेट्या लावल्या की गाडी मागून जवळजवळ मीटरभर होते. हँडल निघालं म्हणून मागचं निघेलच असं नाही, हे बाजाराच्या दिवशी एखाद्या गावातून जाताना कळतं.

पेट्यांचा एक मात्र फायदा कुठल्याच जाहिरातीत नसतो: करमणूक. मांजरसुंब्याचा घाट चढून वर हॉटेलात थांबलो तर एक म्हातारबाबा पेट्यांना बोटाने टकटक करत म्हणाले, "काय इकायलाव, पाव्हणं?"

"काही न्हाई मामा, नुसतं फिरायलाव."

"मग ह्यात काय बॅटऱ्या हायेत का?"

माझ्या पिशव्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या डोळ्यांना त्या ओळखीच्याच. आजूबाजूच्या निम्म्या मोटारसायकलींवर गोणपाटाची दुतोंडी थैली टाकलेली असते, भाजी असो की खताचं पोतं. आणि हार्ड लगेजही इकडे नवीन नाही. दूधवाले लोखंडी कड्यांना दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून भल्या पहाटे साठच्या वेगाने पळवतात ते काय आहे? समतोल कसा राखायचा हे कुठल्याही टूरिंगवाल्याने त्यांच्याकडून शिकावं. एका बाजूचा कॅन रिकामा झाला तर दुसऱ्या बाजूचं दूध ओतून बरोबरी करतात.

मांजरसुंब्याहून आम्ही महामार्ग सोडला आणि नेकनूर, केज करत अंबाजोगाईकडे वळलो. दसऱ्यानंतरचे दिवस, त्यामुळे रस्त्यावर ऊसतोडीला निघालेली कुटुंबं. बीड जिल्ह्यातून दरवर्षी या सुमारास माणसं पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकात जातात, पुढचे पाच-सहा महिने संसार फडावरच. केजच्या अलीकडे अशीच एक ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती, आम्ही पंप द्यायला थांबलो. आमचा पंप त्या टायरपुढे काय पुरणार! जॅक आणायला माणूस गेला होता, तोवर बोलत उभे राहिलो. ट्रॉलीत सगळ्यात खाली सरपण आणि कोप्याचं, म्हणजे फडावरच्या झोपडीचं, साहित्य, त्यावर धान्याची पोती, त्यावर बोचकी, आणि एका कोपऱ्यात दोरीने बांधलेली पत्र्याची पेटी, तिला कुलूप. पेटीत काय, असं मी विचारलं नाही, पण बाई स्वतःच म्हणाल्या, "कागदं हायेत, आधार, पासबुक, पोरांच्या शाळेचे दाखले. बाकी कोण नेतंय?" कुलूप लावण्यासारखं ते पेटीत, दबलं-चेपलं तरी चालेल ते बोचक्यात. हार्ड-सॉफ्टवर इतक्या नेमक्या शब्दांत मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

केजच्या पुढे एका ठिकाणी रस्त्याचं काम चालू होतं आणि वाहतूक बाजूच्या शेतातून काढलेली. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला. काळ्या मातीबद्दल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही माती पाणी पिऊन फुगते आणि मग घसरतेही आणि चिकटतेही, दोन्ही एकाच वेळी. चाक चार-पाच वेळा फिरलं की टायरची नक्षी बुजते आणि खाली गुळगुळीत चकती उरते. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत मी हळूहळू पुढे गेलो आणि शेवटच्या चढावर गाडी आडवी झाली. वेग चालण्याइतका, काही लागलं नाही. सॅडलबॅग चिखलात गाडीखाली गेली, चेपली, आणि गाडी उभी केल्यावर पुन्हा होती तशी झाली. बकलांत माती बसली होती, ती काडीने कोरून काढावी लागली.

मेव्हण्याचं वेगळं झालं. तो पडण्याआधीच सावरायला गेला. डावा पाय टेकवला, पाय चिखलात रुतला, गाडी पुढे सरकली आणि मागून पेटीचा कोपरा पोटरीवर आला. पायात गुडघ्याच्या खालपर्यंत उंच रायडिंग बूट होते म्हणून वळावर निभावलं. पेट्यांचा हा धोका फार कमी लोक बोलून दाखवतात. कच्च्यावर पाय टेकवायची सवय सगळ्यांनाच असते, आणि पेटी पायाच्या बरोबर मागे असते. कापडी बॅग असती तर तीच वाकली असती, पेटी वाकत नाही, मग पोटरीला वाकावं लागतं. नंतर गाडी त्या पेटीवरच पडली. फ्रेम आत वळली, पेटीचा खालचा कोपरा चेपला आणि झाकण तिरकं बसायला लागलं.

अंबाजोगाईला पोहोचल्यावर आधी योगेश्वरीचं दर्शन, मग वेल्डिंगचं दुकान. दुकानदाराने पेटी उलटी-सुलटी करून पाहिली, आतलं सामान काढायला लावलं. मग जमिनीवर वाळूचं अर्धं पोतं टाकलं, चेपलेला कोपरा त्यावर दाबून बसवला आणि आतून लाकडी हातोड्याने हलके हलके ठोकत राहिला. लोखंडी हातोडा घेतला नाही. "लोखंडानं मारलं तर पत्रा ताणतो, मग झाकण कधीच बसत न्हाई," असं त्याने न विचारता सांगितलं. दहा-पंधरा मिनिटांत कोपरा जागेवर आला. झाकणाच्या रबरी पट्टीवरून बोट फिरवून एका जागी ती सुटली होती ती चिकटवली. फ्रेम मात्र गरम करून वळवली, ती दिसायला जराशी वाकडीच राहिली.

"प्लास्टिकची असती तर?" मी विचारलं.

"फेकून द्यायची, आजून काय."

म्हणजे मराठवाड्यासाठी हार्ड घ्यायचंच असेल तर ॲल्युमिनियम घ्या, फायबर-प्लास्टिक नको, हे मी या दुकानदाराच्या भरवशावर सांगतो. प्लास्टिक हलकं असतं आणि महामार्गावर छान दिसतं, पण तडकलं की नेकनूरला काय आणि नांदेडला काय, त्याला वाळूचं पोतं कामाला येत नाही. ॲल्युमिनियमची एक खोड मात्र आहे. आतून रंग किंवा अस्तर नसलेली पेटी असेल आणि सामान गच्च बसलं नसेल, तर गतिरोधकांवर सगळं एकमेकांवर घासतं आणि काळपट भुकटी कपड्यांना लागते. मेव्हण्याचा पांढरा सदरा लातूरला पोहोचेपर्यंत राखाडी झाला होता. आत इनरबॅग, म्हणजे पेटीच्या मापाची कापडी पिशवी, घालावीच लागते.

लातूरला सासुरवाडी, त्यामुळे तिथला मजकूर वगळतो. औशाचा भुईकोट किल्ला पाहिला, उजनीला बासुंदी खाल्ली आणि पुढे तुळजापूर.

इथे बाजी उलटली. गर्दी होती, रांग लांब. गाडीजवळ उभं राहून मी हिशोब करायला लागलो: हेल्मेट, जाकीट, बूट, गुडघ्याची गार्डं, पेट्रोलच्या टाकीवरची टँकबॅग, शिवाय सॅडलबॅगांची नुसती चेन ओढली की उघडणारी तोंडं. मेव्हण्याने हेल्मेट टॉप बॉक्समध्ये टाकलं, बूट आणि जाकीट बाजूच्या पेटीत, किल्ली फिरवली आणि सपाता घालून उभा. "दाजी, तुमच्या पिशव्यांतलं काही माझ्या पेटीत ठेवायचंय का? भाडं घेत न्हाई." चेहऱ्यावर पोटरीचा सगळा सूड. माझं अर्धं सामान त्याच्या पेटीत गेलं, टेलबॅग ओटीच्या दुकानात ठेवली. तिथे सामान सांभाळतात, फक्त ओटी त्यांच्याकडूनच घ्यायची असते आणि ते रास्तच आहे.

नळदुर्गलाही तेच. किल्ला मोठा आहे, नीट पाहायचा तर दोन-तीन तास हवेत. बोरी नदीवरचा इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल घाईत बघण्यासारखा नाही. पावसाने नदीला पाणी होतं, नर-मादी दोन्ही धबधबे पडत होते, माणसं मोबाईल वर धरून भिजत उभी होती. मी मात्र दर थोड्या वेळाने मनात गाडीकडे परत जात होतो. चोरी झाली नाही, कोणी हातही लावला नाही. पण पाणीमहालाच्या जिन्यावर उभं असताना टेलबॅगचा पट्टा आठवणं हाही एक तोटाच आहे.

मग मी काय ठरवलं? बाजूला कापडीच, पण नुसती सीटवर टाकलेली नव्हे. बॅगेला आतून टेका देणारी लोखंडी चौकट, सॅडलस्टे, लावून घ्यायचा, नाहीतर बॅग आत कलते, उजवीकडे सायलेन्सरला टेकते आणि तासाभरात भोक पडतं. पट्ट्यांची मोकळी टोकं गुंडाळून बांधायची, ती साखळीत गेली तर गाडी जागच्या जागी थांबते. पावसासाठी वरून घालायच्या कव्हरपेक्षा आत वॉटरप्रूफ गुंडाळी पिशवी बरी, कारण कव्हर वाऱ्याने फुगतं आणि एक दिवस उडून जातं. टेलबॅगच्या जागी मात्र कुलपाचा टॉप बॉक्स, एक हेल्मेट आणि एक जोडी बूट मावतील एवढाच. त्याहून मोठा घेतला की तो भरला जातो आणि गेवराईच्या आधीचं थरथरणं परत येतं. खर्चही हार्डच्या पूर्ण संचाच्या निम्म्याने कमी.

लॉजवर तिसऱ्या मजल्यावर सामान न्यायचं असेल तर सॅडलबॅगा सोडत बसू नका, आतली गुंडाळी पिशवीच उचलून न्या. पेटीवालेही इनरबॅगच नेतात, या बाबतीत दोघं सारखेच.

येताना धाराशिव, येडशी करत तेरखेड्याला आलो. तिथे फटाक्यांची दुकानं ओळीने, दिवाळी तोंडावर. मेव्हण्याला मोह झाला. इंजिनच्या मागे आणि सायलेन्सरच्या वर फटाके न्यायचे नाहीत, पेटी हार्ड असो की सॉफ्ट, एवढं त्याला बजावून पुढे काढला. सरमकुंडी फाट्यावर कुंथलगिरीचा पेढा घेतला. माझे दोन डबे त्याच्या पेटीत, आणि मांजरसुंब्याला उघडले तेव्हा एक अर्धा रिकामा. भाडं म्हणे.

त्याला माझा निष्कर्ष मान्य नाही. फ्रेम त्याने नवी घेतली आहे, पेट्या त्याच. कोपऱ्यावरचे हातोड्याचे वण तो लोकांना कौतुकाने दाखवतो. पुढच्या खेपेला धारूर, कंधार, उदगीर असे किल्लेच करू म्हणतो, जूनमध्ये. पेरणीच्या दिवसांत काळ्या मातीत मी येणार नाही, असं मी कळवलं आहे. त्यावर त्याने पोटरीला बांधायच्या गार्डचा फोटो पाठवलाय.