चार्जर लहान ठेवला, वायर मात्र जाड घेतली

इलेक्ट्रिक गाडी घेऊन तिसरा आठवडा चालू होता. रात्री अकराच्या सुमारास दार लावायला पोर्चमध्ये गेले, जाता जाता चार्जरच्या प्लगला हात लागला आणि चटका बसला. सॉकेटच्या एका भोकाभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं, जवळ गेल्यावर करपल्यासारखा वास येत होता. चार्जिंग थांबवलं, त्या लाइनचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, खाली पाडला. गाडी त्या रात्री ४१ टक्क्यांवरच राहिली आणि मला बराच वेळ झोप लागली नाही. तो सॉकेट ज्या भिंतीवर आहे, तिच्या पलीकडे बाबांची खोली आहे.

सकाळी वायरमन आले. बोर्ड उघडला तर न्यूट्रलचा स्क्रू जेमतेम अर्धा फेरा सैल निघाला. एवढंच. पण त्या जागी वायरचं वेष्टण कडक होऊन तडकलं होतं. मी विचारलं, एवढं तापलं तर एमसीबी का नाही पडला? ते म्हणाले, "ताई, एमसीबीला फक्त ॲम्पियर कळतात. तुमची गाडी १५ ॲम्पियर घेत होती, एमसीबी २० चा आहे. त्याच्या लेखी सगळं ठीकच होतं."

हे मला आधी कळायला हवं होतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. सैल टर्मिनलचा रोध अगदी ०.१ ओहम धरा. १५ ॲम्पियरला तिथे २२ वॅटहून जास्त उष्णता तयार होते. साध्या सोल्डरिंग आयर्नची ताकद साधारण तेवढीच असते, आणि इथे ती नखाएवढ्या जागेत, भिंतीतल्या बंद डब्यात, तासन् तास. गिझरही १० ॲम्पियर घेतो, पण पाणी तापलं की थर्मोस्टॅट तोडतो. वीस मिनिटांत खेळ संपतो आणि सॉकेटला थंड व्हायला दिवस मिळतो. "गाडी म्हणजे गिझर नाही," वायरमनचं हे वाक्य मी नंतर किती जणांना ऐकवलंय! गाडी सलग तीन, चार, सहा तास एकसारखा करंट ओढते. इतकी वर्षं निमूटपणे चाललेला सॉकेट गाडीपुढे पहिल्या महिन्यातच उघडा पडतो, तो यामुळे.

बाबांनी घर बांधताना वायरिंगचा नकाशा एका पुठ्ठ्यावर काढून ठेवला होता. कुठल्या डब्यातून कुठली लाइन गेली, किती स्क्वेअर एमएमची वायर, सगळं त्यांच्या अक्षरात. तो काढला. पोर्चचा सॉकेट मेन बोर्डापासून स्वतंत्र आलेलाच नव्हता. स्वयंपाकघराची २.५ स्क्वेअरची लाइन, तिथून मागच्या खोलीत, तिथून पोर्चमध्ये. वाटेत तीन जोड. म्हणजे मला सापडलेला सैल स्क्रू हा चारपैकी एक होता, बाकीचे तीन भिंतीत. बाबा बराच वेळ त्या पुठ्ठ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "तेव्हा पोर्चमध्ये फार तर ड्रिल मशीन लागेल असं वाटलं होतं." वायरिंगमध्ये त्यांची चूक काहीच नव्हती. ज्या कामासाठी केलं, त्या कामाला ते उत्तमच होतं.

तोवर मी ७ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जर, घ्यायचं मनाशी ठरवून टाकलं होतं. ज्याला विचारावं तो हेच सांगायचा. एका विक्रेत्याने तर थ्री फेज घेऊन ११ किलोवॅटचाच लावा, असा आग्रह धरला. पण माझं काम हिशेब तपासण्याचं आहे. आकडे मांडल्याशिवाय निर्णय घेणं मला जमत नाही. म्हणून महिनाभर रोज संध्याकाळी गाडीचं रीडिंग वहीत लिहिलं. तेवढे दिवस जोड घट्ट करून, सॉकेट नवा टाकून, करंट १० ॲम्पियरवर उतरवून काम भागवलं. ही सोय पुष्कळ गाड्यांत किंवा पोर्टेबल चार्जरवर असते आणि ती फार मोलाची आहे. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे १५ चे १० केले की ती निम्म्याहून कमी होते.

वहीतून निघालं ते असं. रोजची सरासरी ५२ किलोमीटर. माझी गाडी एका युनिटमध्ये साधारण साडेसहा किलोमीटर जाते, म्हणजे बॅटरीतून ८ युनिट. चार्जिंगमधली घट धरून भिंतीतून ९. संध्याकाळी आठ ते सकाळी सात गाडी दारात उभी, म्हणजे ११ तास. १० ॲम्पियरला २.३ किलोवॅट मिळतात, तेव्हा नऊ युनिटला चार तास. १६ ॲम्पियरला ३.६ किलोवॅट, तेव्हा अडीच तास. ३२ ॲम्पियरच्या ७ किलोवॅटला सव्वा तास. अडीच तासांत भरली काय नि सव्वा तासात, मी झोपलेलीच असते. महिन्यातला सगळ्यात लांबचा दिवस १४० किलोमीटरचा निघाला. त्याला जवळपास २५ युनिट लागतात, तेही १६ ॲम्पियरवर सात तासांत भरतात.

७ किलोवॅटची किंमत फक्त वॉलबॉक्सची नसते, हे मांडून बघितल्यावर कळलं. आमचं कनेक्शन सिंगल फेज, मेन स्विच ४० ॲम्पियरचा. सकाळी लवकर गिझर, इस्त्री, पाण्याची मोटर आणि एका खोलीतला एसी एकत्र चालू असतात तेव्हा साधारण २३ ॲम्पियर जातात. त्यात ३२ मिळवले की ५५. म्हणजे लोड वाढवून घ्या, मीटरपासूनची वायर बदला, नाहीतर असा वॉलबॉक्स घ्या जो मेनवर सेन्सर लावून घराचा वापर बघतो आणि गाडीचा करंट आपोआप कमी-जास्त करतो. हा शेवटचा पर्याय खरंच चांगला आहे. घरात दोन गाड्या असतील, रोजची धाव दीडशे-दोनशे किलोमीटर असेल, किंवा रात्रीचे मोजकेच तास वीज स्वस्त मिळत असेल तर मीही तोच घेतला असता.

११ किलोवॅटचा सल्ला मात्र माझ्यासाठी सरळ चुकीचा होता. भिंतीवरच्या डब्याला आपण चार्जर म्हणतो, पण घरातल्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी वीज करणारा खरा चार्जर गाडीच्या आत असतो. भिंतीवरचा डबा म्हणजे एक शहाणा, सुरक्षित स्विच. तो एका बारीक तारेवरून सेकंदाला हजार स्पंदनं पाठवतो, आणि त्या स्पंदनांच्या रुंदीवरून गाडीला कळतं की किती ॲम्पियरपर्यंत घ्यायला परवानगी आहे. त्या मर्यादेत किती घ्यायचं ते गाडी ठरवते. माझ्या गाडीतला चार्जर सिंगल फेजवर ७.२ किलोवॅटचा. भिंतीवर २२ किलोवॅटचा डबा टांगला तरी ती ७.२ च्या वर जाणार नाही. गाडीच्या पुस्तिकेत हा आकडा असतो. काहीही विकत घेण्याआधी तो बघा, अगदी कळकळीने सांगते.

उलट, फार कमी करंटही परवडत नाही. चार्जिंग चालू असताना गाडीचे कंप्युटर, पंप वगैरे जागे असतात आणि त्यांना शेदोनशे वॅट, कधी जास्त, लागतातच. ६ ॲम्पियरवर, म्हणजे १.४ किलोवॅटवर, रात्रभर चार्ज केलं तर त्यांचा वाटा डोळ्यांत भरण्याइतका होतो.

म्हणून शेवटी वॉलबॉक्स घेतला, पण १६ ॲम्पियरवर लावून. आणि वायर मात्र ६ स्क्वेअर एमएमची, तांब्याची, मेन बोर्डापासून थेट, २३ मीटर, मधे एकही जोड नाही. १६ ॲम्पियरला ४ स्क्वेअरही पुरली असती. वायरमनांनीही तसं सांगितलं. पण भिंत एकदाच फोडायची होती. उद्या ३२ ॲम्पियर लागले तर एमसीबी आणि सेटिंग बदलून काम होईल, लोड तेव्हा वाढवता येईल. २३ मीटरवर १६ ॲम्पियरला २.५ स्क्वेअरमध्ये ८० वॅट वायरीतच जातात, ६ स्क्वेअरमध्ये ३४. विजेच्या बिलात हा फरक किरकोळच, रोज अडीच तासांचा हिशेब केला तर युनिटच्या दहाव्या भागाहून जरासाच जास्त. बिल वाचवायला म्हणून कुणी जाड वायर घेऊ नये. मी घेतली ती वायर थंड राहावी म्हणून.

ज्या गोष्टीवर लोक सगळ्यात कमी बोलतात ती अर्थिंग. आमची जुनी अर्थिंग मोजली तर कमजोर निघाली, ती नवीन केली. शिवाय गाडीच्या लाइनला स्वतंत्र ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच), टाइप ए. घरात सर्रास असतो तो टाइप एसी. गाडीच्या चार्जरमध्ये बिघाड होऊन डीसी करंट गळायला लागला तर टाइप एसी आंधळा होऊ शकतो, आणि शॉक बसला तरी पडत नाही. टाइप ए घ्यायचा तरी वॉलबॉक्समध्ये ६ मिलिॲम्पियर डीसी गळती ओळखण्याची सोय आहे ना, हे विचारून घ्यावं लागतं. नसेल तर टाइप बी लागतो आणि तो बराच महाग असतो. आमच्या वॉलबॉक्समध्ये ती होती.

पहिल्या रात्री दोन तास झाल्यावर बाबा आणि मी टॉर्च घेऊन बाहेर गेलो. एमसीबी कोमट. वॉलबॉक्स कोमट. केबल हाताला जेमतेम उबदार. बाबांनी आपणहून प्रत्येक जागी हात लावून बघितला. महिन्याभराने वायरमनांना बोलावून सगळे स्क्रू पुन्हा आवळून घेतले. तांबं तापतं, निवतं, तेव्हा नवे जोडही पहिल्या दिवसांत थोडे बसतात. दोन स्क्रूंनी पाव फेरा घेतला.

पोर्चचा जुना सॉकेट आता ६ ॲम्पियरचा करून टाकलाय, ड्रिलपुरता. पुठ्ठ्यावर बाबांनी लाल पेनने नवी रेघ ओढलीय, मेन बोर्डापासून पोर्चपर्यंत सरळ, आणि शेजारी लिहिलंय: ६ स्क्वेअर, २३ मीटर, जोड नाही.