गच्चीवरची खोली: सांगाडा उभा झाला, आणि ग्राइंडरबद्दल

इंदूरच्या लोकमान्यनगरात आमच्या गच्चीवर कामाची छोटी खोली बांधतोय. चौकोनी पाइपचे खांब उभे झाले, आडव्या पट्ट्या बोल्टने आवळल्या. आता भिंतींच्या फळ्या आणि वर पत्रा. भाचा मदतीला येतो. त्याने या आधी ग्राइंडर (फिरत्या डिस्कने लोखंड कापायचं हातातलं मशीन) हातात धरला नव्हता, म्हणून आजची नोंद बरीचशी हत्यारांवरच आहे.

इथल्या सियागंज बाजारात चार इंची ग्राइंडरला बसणारं लाकडाचं दातेरी ब्लेड मागाल तिथे मिळतं. ते घेऊ नका. लोखंडाची डिस्क घासत कापते, हे ब्लेड मात्र लाकडात दात रोवतं. ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. गाठ आली किंवा फळी चिमटली की दात अडकतो आणि अख्खं मशीन अंगावर उसळतं. सर्क्युलर सॉला (गोल पात्याच्या विजेच्या करवतीला) फळीवर टेकणारी पट्टी असते, ग्राइंडरला तसा काहीच आधार नाही. त्यात मोठं ब्लेड बसावं म्हणून कित्येक जण गार्डच, म्हणजे डिस्कभोवतीचं झाकणच, काढून ठेवतात! जुने मिस्त्री असं करताना दिसतील, तरी नवशिक्यानं त्यांचं बघून करू नये. आमच्या फळ्या सर्क्युलर सॉवर, बारीकसारीक तुकडे हातकरवतीने.

लोखंडाची डिस्क घेताना तिच्यावरचे फेरे वाचा. १०० मिमीच्या डिस्कवर बहुतेक १५,३०० असतात. त्या वेगाला तिची कड ताशी २८८ किलोमीटरने पळते. डिस्कवरचा फेऱ्यांचा आकडा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच हवा. मधल्या कड्यावर मुदत छापलेली असेल तर तीही पाहा. हातातून पडलेली डिस्क सरळ टाकून द्या. नवी बसवली की तिच्या रेषेत कुणी उभं नसताना मिनिटभर रिकामी फिरवा. गॉगल बाजूंनीही झाकणारा, आयएस ५९८३ हा भारतीय मानक क्रमांक छापलेला. नंबरचा चष्मा त्याच्या जागी चालत नाही.

ड्रिल चालवताना मात्र सुती हातमोजे नकोत. धागा बिटात गुंतला की बोटही सोबत ओढलं जातं. भाच्याला कुर्ता बदलून घट्ट बाह्यांचा टी-शर्ट घालायला लावला.

गच्चीवर वीज नेताना वायरचं रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते. बोर्डाच्या मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असू द्या.

शेजारचे काका जुने सिमेंटचे पत्रे फुकट देत होते. मी हात जोडले. तसल्या जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, आणि कापताना उडालेली धूळ फुप्फुसात कायमची बसते. आम्ही रंगीत लोखंडी पत्रा आणलाय. तो पत्र्याच्या कात्रीने कापणार, कारण ग्राइंडरने कडेचा रंग आणि जस्त जळून पहिल्या पावसातच गंज धरतो.