उभी केली की ठणठणीत

माझी गाडी जुनी आहे. कार्बोरेटर, हाताने ओढायचा चोक, पॉइंट (ठिणगीच्या वेळी करंट तोडणारा छोटा स्विच), कंडेन्सर, असा सगळा मागच्या जमान्यातला कारभार. स्कॅनर लावून कोड वाचायची सोय नाही. कुठे दुखतंय ते आपणच ओळखायचं.

तक्रार अशी होती. निघाल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं सगळं उत्तम. मग मोकळ्या रस्त्यावर, छान लयीत चाललेली असताना एक गचका, लगेच दुसरा, सायलेन्सरमधून फटाका फुटल्यासारखा आवाज, आणि इंजिन बंद. गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडून वाफाळत्या इंजिनाकडे नुसतं बघत बसायचं. पंधरा-वीस मिनिटांनी सेल्फ मारला की पहिल्याच झटक्यात सुरू.

‘तापली की बंद पडते, गार झाली की चालू होते.’ हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं की मलाच ते सिद्ध झाल्यासारखं वाटू लागलं. ऐकणाऱ्यांची उत्तरंही ठरलेली. निम्मे म्हणाले कॉइल (बॅटरीचा व्होल्टेज वाढवून ठिणगीला पुरवणारी गुंडाळी), कारण आतल्या वाइंडिंगमध्ये बारीक तूट असेल तर तापल्यावर ती उघडी पडते. निम्मे म्हणाले पेट्रोलची लाइन तापून आत वाफ धरते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, जुन्या गाड्यांत होतात. मी आधी फुकटातला उपाय केला: इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं. शिवाय बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडून पाहिलं. झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज येतो. आला नाही. फडकं वाळलं, गाडी पुन्हा बंद पडली.

मग कॉइल बदलली आणि गाडी पाच दिवस बिनतक्रार चालली. पाच दिवस मी जगाला सांगत फिरलो की कॉइलच होती. सहाव्या दिवशी त्याच रस्त्यावर तोच गचका, तोच फटाका. घरी येऊन जुनी कॉइल मल्टिमीटरवर मोजली, म्हणजे जे बदलण्याआधी करायचं ते नंतर केलं. प्रायमरी (बॅटरीकडची गुंडाळी) ३ ओहमच्या आसपास, सेकंडरी (ठिणगीकडची) ९ हजार ओहम. बॅलास्ट रेझिस्टर (करंट कमी करणारा वेगळा रोधक) नसलेल्या बारा व्होल्टच्या कॉइलला हे आकडे अगदी व्यवस्थित आहेत. गरम पाण्याच्या पिशवीत गुंडाळून पुन्हा मोजली, तरी तेच. बिचारी निर्दोष होती.

गाडी उभी करून जे जे तपासलं ते सगळं चांगलंच निघायचं. प्लग काढून, त्याचा धातूचा भाग इंजिनाला नीट टेकवून सेल्फ मारला की निळी, टणक ठिणगी. (प्लग हातात धरून हा प्रयोग करू नका. तिथे वीसेक हजार व्होल्ट असतात.) डिस्ट्रिब्युटरमध्ये (पाळीपाळीने प्रत्येक प्लगकडे ठिणगी पाठवणाऱ्या भागात) पॉइंटमधली फट ०.४ मिलिमीटर, रोटर स्वच्छ, टोपीला कुठे चीर नाही. बिघाड रस्त्यावर होता आणि मी त्याला अंगणात शोधत होतो.

मामांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “चढावर बंद पडली आहे का रे कधी?”

मी आठवून पाहिलं. कधीच नाही. चढावर इंजिन जास्त तापतं, म्हणजे तिथे तर हमखास पडायला हवी. “मग तापण्याचा नाद सोड,” मामा म्हणाले, “आणि बंद पडताना टॅकोमीटरच्या काट्याकडे बघ.”

दुसऱ्या दिवशी बायकोला शेजारी बसवलं आणि काट्यावर नजर ठेवायला सांगितलं. जुन्या गाडीत टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर, कॉइलच्या प्रायमरीकडून मोजणी घेतो. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन मंदावेल तसा काटा हळूहळू उतरतो. पण गिअरमध्ये चाकं इंजिनाला फिरवत असताना काटा एकदम शून्यावर पडला, तर प्रायमरीचा करंटच तुटलाय. आमचा काटा पडला तो धाडकन. तो पडल्यावर मग गचका बसला. तिला हे इतकं स्पष्ट दिसलं की ती म्हणाली, “एवढंच बघायचं होतं?” तेवढ्या एका फेरीत पंप, कार्बोरेटर, टाकी असा अर्धा संशय संपला.

त्या दिवशी मी आणखी एक केलं, जे आधी कधी केलंच नव्हतं. वीस मिनिटं न थांबता लगेच सेल्फ मारला. गाडी सुरू! इतके दिवस मी रस्त्याच्या कडेला विनाकारण ताटकळत होतो.

चढावर नाही, सपाटीवर हलक्या पायाने चालवताना मात्र नक्की. या दोन्हींत काय फरक पडतो? व्हॅक्यूम, म्हणजे इंजिनाची हवेची ओढ. ॲक्सिलरेटर थोडासाच दाबलेला असताना कार्बोरेटरकडून येणाऱ्या बारीक नळीत ओढ जास्त असते. ती ओढ डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या डबीतला पडदा खेचते, पडद्याची दांडी पॉइंटची प्लेट थोडी फिरवते आणि ठिणगी लवकर पडते. चढावर पाय खोल दाबला की ओढ संपते, प्लेट जागेवर येते.

इंजिन स्लोवर ठेवलं, डबीची नळी काढली, तिथे स्वच्छ नळीचा तुकडा लावला आणि तोंडाने ओढलं. असं केल्यावर इंजिनाचा वेग थोडा वाढायला हवा. माझं इंजिन विझलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा ओढलं, पुन्हा विझलं. तीन महिन्यांचा बिघाड जागेवर उभ्या उभ्या, हवा तेव्हा! मी एकटाच मोठ्याने हसलो असेन.

टोपी काढली. बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत बोटभर लांबीची वायर जाते. वरून बघायला झकास. इग्निशन बंद ठेवून, पॉइंट मिटलेले असताना टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये मीटर लावला: जवळपास शून्य. प्लेट स्क्रू ड्रायव्हरने जराशी ढकलली आणि सर्किट तुटलं. आवरण शाबूत, आतली तांब्याची तार मात्र वर्षानुवर्षं प्लेटसोबत वाकून तुटलेली. दोन टोकं आवरणात एकमेकांना टेकून होती. प्लेट फिरली की सुटायची, पाय उचलला की पुन्हा टेकायची. तेवढ्या वेळात सायलेन्सरमध्ये साठलेलं न जळलेलं पेट्रोल भडकायचं. तो फटाका त्याचा. वीस-पंचवीस मिनिटांचं कोडंही सोपं होतं: घरापासून मोकळ्या रस्त्याला लागायला तेवढाच वेळ लागतो. आणि कॉइल बदलताना मी तिच्याकडून डिस्ट्रिब्युटरला जाणारी वायर ओढाताण करून काढली होती. त्यात आतली टोकं जरा नीट टेकली असावीत. पाच दिवसांचं श्रेय त्याला.

दुरुस्तीतही एक चूक केलीच. हाताशी होती ती जाड वायर बसवली, तर तिच्या ताठपणाने प्लेटच फिरेना. तिथे खूप बारीक तारांची लवचीक वायर लागते. टोकाला सोल्डरही ओतायचं नाही. ते तारांत झिरपून वायर कडक करतं आणि ती तिथेच तुटते. टर्मिनल दाबून बसवलं, पॉइंटची फट पुन्हा लावली, टायमिंग तपासलं.

जुनी कॉइल डिकीत सुटा भाग म्हणून ठेवली आहे. सकाळी पहिल्या सेल्फला गाडी अजून कुरकुरते, पण ती चोकची केबल आहे. निदान मला तसं वाटतंय. या वेळी आधी मोजणार आहे.