पाऊस परवडला, पण वारा नको

रविवार, सर्वपित्री अमावस्या. रात्रीचे साडेनऊ.

मांड्या ठणकतायत, पण आजचं आजच लिहून ठेवते. सोलापूर, तुळजापूर, नळदुर्ग आणि परत सोलापूर असा वेढा सायकलवर पुरा झाला. 125 किलोमीटरच्या आसपास. पाऊस दिवसभर होताच. तरी दमवलं ते पावसानं नाही, घाटानंही नाही. दमवलं वाऱ्यानं, तेही शेवटच्या सपाट रस्त्यावर.

भाचा पहाटेच दारात हजर. "मावशी, आभाळ बघितलंस का? जायचंय ना नक्की?"

"तुळजापूरपर्यंत तर जाऊ. पुढचं पुढं."

तामलवाडी कधी मागं पडली कळलं नाही. या दिवसांत वारा नैर्ऋत्येचा आणि आमची वाट उत्तरेची, त्यामुळे कुणी पाठीवर हात ठेवून ढकलत न्यावं तशी सायकल चालली होती. पाऊस भुरभुर. रस्त्याच्या दोन्ही अंगाला सोयाबीन, कुठं उभं, कुठं कापून तसंच वावरात पडलेलं. चहाला थांबलो तिथं एक आजोबा पोत्याची खोळ घेऊन बसले होते. म्हणाले, "ताई, ज्वारीला सोन्यासारखा हाय ह्यो पाऊस. पर सोयाबीन घरात येईस्तोवर चार दिवस दम धरला असता, तर बरं झालं असतं." वर्षाला जेमतेम 550 मिलिमीटर पावसाचा आमचा मुलूख. इथली ज्वारी रब्बीची, ती उगवते आणि तगते ती याच पावसाच्या ओलीवर. म्हणून भिजून कुडकुडताना पावसाला वाईट म्हणायला जीभ रेटत नाही. पण कापलेल्या सोयाबीनच्या शेंगांतून कोंब बाहेर आलेले बघितले तेव्हा पोटात कालवलं.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटरवर, तुळजापूर 650 च्या आसपास. यातला खरा चढ शेवटी, बालाघाटाच्या अंगावर. घाटात शिरलो तसा पाऊस जोरात आला. उद्या घटस्थापना, म्हणून गावोगावची पोरं भवानी ज्योत घेऊन वरून पळत येत होती. अनवाणी, अंगाला चिकटलेले भगवे शर्ट, मागं टेंपो. एका पोरानं मशाल धरलेली, दुसरा तिच्यावर पत्र्याचा तुकडा आडवा धरून बरोबरीनं पळत होता. पाणी त्याच्या कोपरावरून ओघळत होतं, पण त्याची नजर ज्योतीवरून हलत नव्हती. आम्ही कडेला उतरून उभे राहिलो. "आई राजा उदो उदो" म्हणताना माझा आवाज भरून आला. त्यानंतर चढ जाणवलाच नाही.

दर्शनाची रांग लांबवर गेलेली. कळसाला हात जोडले आणि नळदुर्गचा रस्ता धरला.

हा पट्टा चढउताराचा. चढावर रेनकोटच्या आत घामानं भिजायचं, उतारावर तोच घाम गार पडून दात वाजायचे. उतार तर जपूनच. रिम ओली असली की ब्रेकचे रबर आधी पाणी पुसतात, मग धरतात, तोवर सायकल बरीच पुढं गेलेली असते. म्हणून वळण दिसायच्या आधीच ब्रेक हलकेच दाबत राहायचं. रस्त्याचं काम चालू होतं तिथं काळी माती चाकाला लागली आणि मडगार्डखाली अशी गच्च बसली की चाक फिरेना. बाभळीच्या काटकीनं ती उकरून काढली. बोटांची पेरं गारठून पांढरी पडली होती.

नळदुर्गला मात्र सगळ्या शिणाचं चीज झालं. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यावरून नर आणि मादी, दोन्ही धबधबे कोसळत होते. हे दरवर्षी दिसत नाही, बंधारा भरून वाहावा लागतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली, या बंधाऱ्याच्या पोटातच पाणी महाल बांधला. पायऱ्या उतरून आत गेलो. डोक्यावरून अख्खी नदी चाललेली, खिडकीसमोर पाण्याचा पडदा, तुषार तोंडावर, आणि महाल कोरडा. दिवसभरात आमच्या डोक्यावर खरंखुरं छप्पर आलं ते तिथं, चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांच्या कृपेनं. भिंतीला पाठ टेकून कितीतरी वेळ उभी राहिले. भाचाही एरवी सारखा बोलत असतो, तो गप्प.

बाहेर आलो तर पाऊस उघडलेला. आता सुटलो असं भाचा म्हणतोय तोच हैदराबाद हायवेला लागलो आणि सकाळचा तोच वारा समोरून छातीवर आला. नळदुर्गहून सोलापूर नैर्ऋत्येलाच आहे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडात जायचं. समोरून येणारी हवा दुप्पट जोराची झाली की तिचा विरोध चौपट होतो, हे पुस्तकात वाचलेलं आज पायांना कळलं. घाटाला माथा असतो, तो दिसत तरी असतो. वाऱ्याला माथा नाही. सपाट रस्त्यावर घाटातला गिअर टाकून चाललो होतो. आळीपाळीनं पुढं व्हायचं ठरवलं, पण भाचा पुढची जागा सोडेना. "मावशी, तू माझ्या चाकाला लागून राहा फक्त." ट्रक शेजारून गेला की क्षणभर वारा तुटायचा आणि पाठोपाठ चिखलाच्या पाण्याचा फवारा यायचा.

इटकळला थांबून डबा उघडला. कडक भाकरीचे खड्ड्यांनी तुकडे झाले होते, पण दुहेरी पिशवीत बांधल्यामुळे कुरकुरीत राहिलेले. शेंगाचटणीबरोबर ते खाल्ले आणि अंगात ऊब आली. बोरामणी गेल्यावर वारा थोडा पडला. घरी पोचेस्तोवर दिवे लागले होते.

भाचा जाता जाता विचारून गेला, "कोजागरीला चालत येणार ना तुळजापूरला?" सोलापूरचं निम्मं गाव त्या रात्री त्या रस्त्यावर असतं. येते म्हटलंय. त्याआधी उद्या चेन रॉकेलनं धुवायची, तेल सोडायचं आणि ब्रेकचे रबर बदलायचे. मागचे पार झिजलेत.