अपक्ष, ऊस आणि पेट्रोलची टाकी

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, विधानसभेच्या मतदानाला आठवडा उरला असताना, आमच्या मतदारसंघातले एक अपक्ष उमेदवार प्रचारपत्रक घेऊन दारात आले. बरोबर दोन तरुण होते, भोंगा लावलेली रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली होती आणि हातात पिवळ्या कागदावर एकाच बाजूने छापलेले पत्रक होते. पाणी, रस्ते, सरकारी शाळा, पीकविमा हे नेहमीचे विषय त्यात होते. मात्र आमचा सारा भाग उसाचा असूनही उसाचे नाव त्यात कुठेच नव्हते. मी कारण विचारले, तेव्हा ते थोडे संकोचून हसले आणि म्हणाले, "उसावर बोललो की कारखान्याची माणसं तुटतात. इथेनॉलवर बोललो की शेतकरी म्हणतो, आमच्या बिलाच्या आड का येता? आणि काहीच नाही बोललो तर पोरं विचारतात, गाडीचं ॲव्हरेज का पडलं. बरं, हे तिघं एकाच घरात राहतात. मी काय छापू, तुम्हीच सांगा."

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. पुढे २०२५ च्या उन्हाळ्यानंतर पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलवरून, म्हणजे उसापासून किंवा मक्यासारख्या धान्यापासून काढलेल्या अल्कोहोलवरून, देशभर गदारोळ उठला आणि त्यांचा तो प्रश्न मला वारंवार आठवू लागला. एका बाजूला इथेनॉलविरुद्ध बोलणारा प्रत्येक जण खनिज तेलाच्या आयातदारांचा हस्तक ठरत होता आणि दुसऱ्या बाजूला इथेनॉलचे समर्थन करणारा प्रत्येक जण साखरसम्राटांचा भाट ठरत होता. एकाच घरातल्या त्या तिघांची बाजू एकत्र मांडणारे सभागृहात कोणी दिसत नव्हते. हे काम एखाद्या अपक्षाने करण्यासारखे आहे असे मला वाटते, आणि आपल्याकडचे अपक्ष ते करत नाहीत याचे मला वाईट वाटते.

पेट्रोलमध्ये काय मिसळावे हा प्रश्न आपल्याकडे मतदारापुढे कधी ठेवलाच गेला नाही. पेट्रोल किती रुपयांना मिळते यावर निवडणुका गाजल्या, बैलगाडीतून मोर्चे निघाले. पण त्या पेट्रोलमध्ये काय आहे, हे सभेत कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. दिल्लीतल्या बस सीएनजीवर आल्या त्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशामुळे. इथेनॉल मिश्रणाचे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ साली झाले, त्यांपैकी दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाड येथे होते, हे आज आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि नंतरची दहा-अकरा वर्षे तो रखडला. २०१४ साली प्रत्यक्ष मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होते. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने वीस टक्क्यांसाठी २०३० ही मुदत ठेवली, मग ती २०२५-२६ वर आणली गेली. जून २०२२ मध्ये दहा टक्के झाले आणि २०२५ मध्ये वीस. पहिली वीस वर्षे रांगणारा कार्यक्रम शेवटच्या तीन वर्षांत धावत सुटला, आणि त्या धावण्यात गाडीमालकाला विचारायचे राहून गेले.

घरातल्या पहिल्या माणसाची, म्हणजे ऊस लावणाऱ्याची, बाजू आधी सांगतो, कारण शहरातल्या चर्चेत ती थट्टेचा विषय होते. ऊस कारखान्यात गेल्यावर १४ दिवसांत बिल मिळाले पाहिजे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण साखर वर्षभर थोडीथोडी विकली जाते आणि तिचे पैसे तसेच थोडेथोडे येतात. तेल कंपन्यांकडून इथेनॉलचे पैसे मात्र काही आठवड्यांत मिळतात, आणि हंगाम संपून पाऊस सुरू झाला तरी बिलासाठी कारखान्याच्या गेटवर बसण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. याच माणसाला दुसरा अनुभवही आहे. ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गळीत हंगामात, केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास एका आदेशाने मनाई केली. आठवडाभराने ती सैल करून १७ लाख टन साखरेइतकीच मर्यादा घातली. इथेनॉल गाळणाऱ्या डिस्टिलरीसाठी कारखान्यांनी काढलेल्या कर्जाचे हप्ते मात्र सैल झाले नाहीत. आणि या सगळ्या काळात इथेनॉलचा मुख्य कच्चा माल उसाकडून मक्याकडे सरकत गेला. इथेनॉल म्हणजे ऊस उत्पादकाचे कल्याण, हे समीकरण आता निम्मेच खरे आहे, पण सभांमधून अजून तेच ऐकू येते.

आता गाडीवाल्याची बाजू. माझी मोटारसायकल २०१६ ची आहे. टाकी भरली की किलोमीटरचा आकडा एका छोट्या वहीत लिहून ठेवायची मला जुनी सवय आहे, आणि त्या वहीप्रमाणे गेल्या दोन वर्षांत ॲव्हरेज कमी झाले आहे. त्यातले किती इथेनॉलमुळे आणि किती झिजलेल्या चेनमुळे, टायरातल्या हवेमुळे किंवा चालकाच्या वाढलेल्या वजनामुळे, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. म्हणून वहीतला आकडा इथे देत नाही. पण एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हे रसायनशास्त्र आहे. त्यात पक्ष नाही. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातच जुन्या दुचाकींसाठी तीन ते चार टक्के आणि जुन्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट धरलेली आहे.

त्याच आराखड्यात आणखी दोन गोष्टी होत्या, आणि माझा मुख्य आक्षेप त्यांच्याविषयी आहे. पहिली अशी, की ऊर्जा कमी असल्यामुळे मिश्रित इंधनाचा किरकोळ दर साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावा. दुसरी अशी, की जुन्या वाहनांसाठी दहा टक्के मिश्रणाचे पेट्रोल उपलब्ध ठेवावे. वीस टक्क्यांचे उद्दिष्ट मुदतीच्या आत गाठले गेले, त्याचे कौतुक झाले, पण या दोन्ही शिफारशी मागे पडल्या. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेले स्पष्टीकरण असे, की आराखडा झाला तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होते, आता ते वाहतूक आणि जीएसटी धरून सरासरी ७१.३२ रुपये लिटर पडते, त्यामुळे दर कमी करण्यास वाव नाही. हे स्पष्टीकरण हिशेबाला धरून आहे, हे मी मान्य करतो. पण मग शेतकऱ्याला चांगला भाव द्यायचा म्हणून आलेला हा खर्च कोणी उचलायचा, यावर सभागृहात उघड चर्चा व्हायला हवी होती. तो आपोआप टाकीत ओतला गेला. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. ते मला चुकीचे वाटत नाही. न्यायालयाने इंधनाचे धोरण आखू नये. ते ज्यांनी आखायचे त्यांनी तोंड उघडावे.

पण ते तोंड उघडत नाहीत, याचे कारण गुपित नाही. महाराष्ट्रात सत्ताधारी आणि विरोधी, दोन्हीकडच्या नेत्यांचे साखर कारखाने आहेत. इतर शंभर गोष्टींवर भांडणारे पक्ष डिस्टिलरीच्या प्रश्नावर एका ओळीत उभे राहतात, आणि त्यांतल्या एखाद्या आमदाराला वेगळे बोलावेसे वाटलेच तर पक्षाची शिस्त आडवी येते. अपक्षाला पक्षादेश नाही. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाने, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, त्याच्यावर एकच बंधन घातले आहे, की निवडून आल्यावर त्याने कोणत्याही पक्षात जाऊ नये. गेला तर जागा जाते. प्रश्न विचारायला, मतदान करायला, भाषण करायला तो मोकळा आहे.

ही मोकळीक मिळवण्याची वाट मात्र अरुंद आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. आमच्या त्या उमेदवाराने सांगितले, की अनामत रकमेपेक्षा दहा सह्या जमवणे जड गेले, कारण सही करणाऱ्याचे नाव सगळ्यांना दिसते आणि त्याचा ऊस त्याच कारखान्याला जायचा असतो. पक्षाच्या स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत. अपक्षाची भोंग्याची रिक्षासुद्धा धरतात. निवडून आलाच, तर बोलायला मिळतात ती शेवटची दोन-तीन मिनिटे. अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक, मांडता येते, पण १९७० नंतर असे एकही विधेयक संसदेत कायदा झालेले नाही.

त्यामुळे आकडे घसरत गेले. १९५७ च्या लोकसभेत ४२ अपक्ष होते. १९९६ मध्ये दहा हजारांहून अधिक अपक्ष उभे राहिले आणि नऊ निवडून आले. त्याच वर्षी लोकसभेची अनामत रक्कम पाचशेवरून दहा हजारांवर गेली, आज ती पंचवीस हजार आहे. २०२४ च्या लोकसभेत सात अपक्ष आले. महाराष्ट्र विधानसभेत १९९५ साली ४५ अपक्ष होते, २०१९ मध्ये १३ आणि २०२४ मध्ये दोन, तेही महायुतीतल्या पक्षांचे बंडखोर. मुख्य अडचण इथेच आहे. आपल्याकडे 'अपक्ष' म्हणजे बहुधा तिकीट न मिळालेला पक्षाचा माणूस. २००९ साली लोकसभेला कोल्हापुरातून जिंकलेले सदाशिवराव मंडलिक काय किंवा २०२४ मध्ये सांगलीतून जिंकलेले विशाल पाटील काय, दोघांच्याही विजयाला मोठे राजकीय महत्त्व होते. पण दोघेही सहकार आणि साखर यांच्याच मुशीतून आलेले. कारखान्याबाहेरचा अपक्ष ऊसपट्ट्यात निवडून येणे जवळजवळ अशक्य आहे.

तरीही अपक्ष निरुपयोगी असतात, हे मी मानत नाही. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात अपक्षांना निवडणूक लढवूच देऊ नये अशी शिफारस केली, ती वाचून मी चकित झालो होतो. १९९५ च्या त्या ४५ जणांपैकी अनेकांच्या पाठिंब्यावर युतीचे सरकार उभे राहिले, आणि १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ झाले. त्या दोन गोष्टींचा संबंध आमच्याकडचे जुने कार्यकर्ते आजही जोडतात. महामंडळाचे पुढे काय झाले, ही वेगळी आणि दुःखाची गोष्ट आहे. पण संख्या जुळत नसताना अपक्ष पाण्यासाठी अडून बसू शकतो, तर टाकीतल्या इंधनासाठीही बसू शकतो.

अडून बसायला मोठी मागणी लागत नाही. मिश्रणाचे प्रमाण दिल्लीत ठरते, आमदाराच्या हातात ते नाही, हे खरे; पण पेट्रोलवरचा व्हॅट राज्याच्या हातात आहे, आणि ऊर्जा कमी असलेल्या लिटरवर पूर्वीइतकाच कर का, हा तारांकित प्रश्न विधानसभेत विचारता येतो. नीती आयोगाच्याच आराखड्यात उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी धरले आहे. त्या हिशेबाने आपल्या तालुक्यातल्या डिस्टिलरीसाठी धरणातले किती पाणी जाते, हेही विचारता येते. खासदाराने विचारायचा प्रश्न आणखी सोपा आहे: दहा टक्क्यांचे पेट्रोल जुन्या गाड्यांसाठी ठेवा असे तुमच्याच कागदात लिहिले होते, ते का नाही? यांतला एकही प्रश्न ऊस उत्पादकाच्या विरोधात नाही.

आमच्या उमेदवाराचे डिपॉझिट गेले. ते परत मिळण्यासाठी वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते लागतात, आणि त्यांची मते त्याच्या जवळपासही नव्हती. मागच्या महिन्यात ते मला पेट्रोल पंपावर भेटले. माझ्या पुढे रांगेत होते. झाकण उघडून त्यांनी पंपावरच्या मुलाला विचारले, यात इथेनॉल किती. मुलाने दराच्या पाटीकडे बोट दाखवले. त्या पाटीवर रुपये आणि पैसे होते, दुसरे काही नव्हते. त्यांनी खिशातून मोबाइल काढून पाटीचा फोटो घेतला, मागे वळून मला पाहिले आणि म्हणाले, "पुढचं पत्रक दोन्ही बाजूंनी छापतो."