मतदानाच्या आदल्या दिवशी

भोसरी एमआयडीसीतल्या एका गिअर बनवणाऱ्या कारखान्यात अंतर्गत कामगार संघटनेची निवडणूक होती आणि दोन्ही पॅनेलनी मिळून मला निवडणूक अधिकारी नेमलं होतं. कामगार कायद्याची वकिली करणाऱ्यांकडे पुणे पट्ट्यात हे काम अधूनमधून येतं. मतपेटी, मतमोजणी यांचं ओझं वाटत नाही, त्यांची रीत ठरलेली असते. कस लागतो तो प्रचाराच्या पत्रकांवर, कारण तिथे कायदा जवळजवळ गप्प आहे.

तेव्हा लागू असलेला १९२६ चा ट्रेड युनियन कायदा (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली) एवढंच सांगत होता, की पदाधिकारी कसे निवडायचे ते संघटनेच्या घटनेत लिहिलेलं हवं. मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त नको, ही भर २००१ च्या दुरुस्तीने घातली. पत्रक कसं असावं याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. विधानसभेच्या पत्रकांवर खाली मुद्रक-प्रकाशकाचं नाव असतं, ते पाहून कामगार धरून चालतात की इथेही तोच नियम असणार. पण तो लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमातला. युनियनच्या निवडणुकीला लागू नाही. म्हणून अर्जांच्या छाननीच्या दिवशीच मी एका पानाची आचारसंहिता लिहून दोन्ही पॅनेलप्रमुखांच्या सह्या घेतल्या होत्या. संघटनेचं बोधचिन्ह, शिक्का, सूचनाफलक आणि अधिकृत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हे सगळ्या सभासदांचं आहे, एका पॅनेलच्या प्रचाराला वापरायचं नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा.

मतदानाच्या आदल्या दिवशी साडेतीनला पहिली पाळी सुटली आणि युनियनच्या खोलीत एकदम दोन तक्रारी आल्या. सत्ताधारी पॅनेलने रंगीत घडीपत्रक वाटलं होतं. वर संघटनेचं बोधचिन्ह, खाली गोल शिक्का, जावक नंबरसुद्धा. मधे ठळक अक्षरात, ‘करारात १५,५०० रुपयांची वाढ’. विरोधकांचं पत्रक अर्ध्या पानाची झेरॉक्स. एका कामगाराची पगारस्लिप, नाव काळ्या मार्करने झाकलेलं, आणि शेजारी हाताने लिहिलेलं, ‘हातात आले ६,६००. बाकीचे कुठे गेले?’

दोघांचीही मागणी एकच: समोरच्याचं पत्रक जप्त करा, त्यात खोटं लिहिलंय.

मी वेतनकराराची प्रत मागवली आणि दोन्ही बाजूंना टेबलाजवळ बसवून आकडे मांडले. १५,५०० ही सीटीसीतली, म्हणजे कामगारामागे कंपनीला येणाऱ्या एकूण खर्चातली वाढ, तीही तीन वर्षांची मिळून. पहिल्या वर्षी साठ टक्के, मग वीस, वीस. म्हणजे पहिल्या वर्षाचे ९,३००. त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) ५,०००, इतर भत्ते २,२००. उरलेले २,१०० स्लिपवर दिसतच नाहीत: कंपनीचा पीएफचा बारा टक्के हिस्सा ६००, ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्क्यांनी २४०, आणि बोनस व मेडिक्लेमचे १,२६०. दिसणाऱ्या ७,२०० मधून कामगाराचा स्वतःचा पीएफ ६०० गेला, की हातात ६,६००. दोन्ही आकडे खरे होते. सत्ताधाऱ्यांनी सोयीचा मोठा आकडा घेतला, विरोधकांनी सोयीचा लहान.

मला अगदी मनापासून वाटतं, की निवडणूक अधिकाऱ्याने पत्रकातल्या दाव्यांचा खरेखोटेपणा ठरवायला बसू नये. करार चांगला की वाईट, हे ठरवण्यासाठीच तर सभासद मत देणार. ते मीच आधी ठरवून एक कागद उचलून घेतला, तर मतदानाला अर्थ काय राहिला? पगारस्लिपचं पत्रक मी थांबवलं नाही. ती गोपनीय कागद आहे, हा आक्षेपही मान्य केला नाही. ज्याची स्लिप त्याने ती स्वतःहून दिली होती, हे मी त्याला एकट्याला भेटून विचारून घेतलं होतं. फक्त विरोधकांना सुचवलं, की आकडा कराराच्या पहिल्या वर्षाचा आहे हे लिहा. त्यांनी तिथल्या तिथे पेनने ती ओळ घातली.

बोधचिन्हाचं मात्र वेगळं होतं. खजिनदाराने व्हाउचर फाइल उघडली, तर घडीपत्रकाचं छपाईचं बिल संघटनेच्या खात्यातून गेलेलं. सर्वसाधारण निधी कशाकशावर खर्च करता येतो याची यादी ट्रेड युनियन कायद्याच्या कलम १५ मध्ये होती आणि एका पॅनेलचा प्रचार तिच्यात बसत नव्हता. ज्या सभासदाची वर्गणी पगारातून कापली जाते, त्याच्याच पैशाने त्याच्याविरुद्ध पत्रक छापायचं? मला याचा संताप आला, पण आदेशात तो येऊ दिला नाही.

तेवढ्यात एचआर विभागातून फोन. कंपनीच्या आवारातली सगळी पत्रकं सुरक्षारक्षकांकडून गोळा करून देऊ का, अशी विचारणा. सूर मदतीचाच होता, पण मी स्पष्ट नाही म्हणालो. संघटनेच्या कारभारात मालकाची ढवळाढवळ ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा आहे. कंपनीने पत्रकांना हात लावला असता, तर वाद दोन पॅनेलचा राहिलाच नसता.

रेघी फुलस्केपवर हाताने आदेश लिहिला. छपाईचे पैसे सत्ताधारी उमेदवारांनी मतमोजणीआधी संघटनेच्या खात्यात भरायचे. उरलेले गठ्ठे माझ्या सहीने सीलबंद. वाटलेली पत्रकं परत मागवणं शक्य नव्हतं, म्हणून विरोधकांचं एक पान त्याच अधिकृत ग्रुपवर एकदा टाकायचं आणि फलकाची अर्धी जागा त्यांना द्यायची. सत्ताधाऱ्यांचे प्रमुख म्हणाले, आम्ही औद्योगिक न्यायालयात जाऊ. जरूर जा, म्हटलं. ट्रेड युनियन कायद्याच्या २८-१अ कलमाखाली कामगार संघटनांच्या रजिस्ट्रारची संमती घ्या, मग संदर्भ, म्हणजे वादाचा अर्ज, दाखल करा. निकाल येईपर्यंत या कमिटीची मुदत संपलेली असेल. ते थोडा वेळ बसून राहिले आणि सही करून गेले. दुसऱ्या पाळीच्या चहाच्या सुट्टीआधी आदेश फलकावर लागला.

रात्री नऊच्या सुमारास सत्ताधारी पॅनेलच्या खजिनदारपदाच्या उमेदवाराचा फोन आला. आवाज कापत होता. “साहेब, माझा अर्ज बाद केलात, तर निदान मला सांगायचं तरी.”

मी कुणाचाही अर्ज बाद केलेला नव्हता. त्याने पाठवलेला फोटो उघडला. ‘निवडणूक अधिकाऱ्यांची सूचना’ असं शीर्षक, त्याचं नाव, अर्ज बाद, आणि खाली माझी सही. टाइप केलेला कोरा कागद, पण सहीच्या बुडाशी फिकट निळ्या रेघेचा तुकडा. दुपारच्या आदेशाचा फोटो काढून माझी सही कापून चिकटवली होती.

इथे मी एक क्षणही थांबलो नाही. दुपारच्या पत्रकांत माणसं आपापलं म्हणणं मांडत होती. इथे निवडणुकीचाच आवाज चोरला होता. याला उत्तर-प्रत्युत्तर नाही, हा कागद खोटा आहे हे तातडीने आणि सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. पण माझ्या एकट्याच्या खुलाशावर रात्री कोण विश्वास ठेवणार? तोही खोटाच म्हणाले असते.

विरोधी पॅनेलच्या प्रमुखांना, ज्यांना दोन्हीकडचे अण्णा म्हणतात, मी घरी जाऊन गाठलं. गेटवर माझ्यासोबत उभे राहा, म्हटलं.

“साहेब, मी तिथं उभा राहिलो, तर माझीच पोरं म्हणतील, अण्णांनी कबुली दिली.”

“आणि नाही राहिलात, तर समोरचे काय म्हणतील?”

ते काही बोलले नाहीत. आत गेले, हेल्मेट घेऊन आले.

बाराला दुसरी पाळी सुटत होती, तिसरी आत जात होती. एका बाजूला तो उमेदवार, दुसऱ्या बाजूला अण्णा, मधे मी, हातात नमुना मतपत्रिका. बोलले अण्णाच. “हा मोबाइलवरचा कागद खोटा आहे. याचं नाव उद्या मतपत्रिकेवर आहे. मत द्यायचं का नाही, तुमचं तुम्ही ठरवा. पण अर्ज बाद झालाय म्हणून कुणी याला गाळू नका.” पोरांनी ते मोबाइलवर टिपलं आणि बसमध्ये बसायच्या आत ग्रुपवर टाकलं. सकाळच्या पाळीसाठी मतदान केंद्राच्या दारावर मी ताजा, शिक्क्याचा खुलासा चिकटवला.

ती नोटीस कुणी बनवली, ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मतदान शांततेत झालं. कमिटी दोन्ही पॅनेलची मिसळून आली आणि छपाईचे पैसे भरल्याची पावती मतमोजणीआधी फाइलला लागली.

पुढच्या सर्वसाधारण सभेत घटनादुरुस्ती आली, तेव्हा मला मत विचारलं. प्रत्येक पत्रकावर उमेदवाराचं आणि छापखान्याचं नाव हवं, संघटनेचं चिन्ह आणि पैसा वापरू नये, याला मी पाठिंबा दिला. पण छापण्याआधी प्रत्येक पत्रक निवडणूक अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावं, या सूचनेला मी उभं राहून विरोध केला. तो अधिकार उद्या कुणाच्या मर्जीतल्या माणसाच्या हाती गेला, तर विरोधकांची ती पगारस्लिप छापून आलीच नसती. सभेने हात वर करून ती सूचना फेटाळली आणि बाकीची दुरुस्ती नोंदणीसाठी रजिस्ट्रारकडे गेली.