मिनेसोटा वाइल्डची कॅप-शीट: बायआउटचा रकाना जुळला

मंडळी, मिनेसोटा वाइल्ड या अमेरिकेतल्या आइस हॉकी संघाची २०२१ पासूनची पगार-शीट बनवतोय हे तुम्हाला माहीत आहेच. या खेपेला त्यातला सगळ्यात किचकट रकाना, म्हणजे बायआउटचा (पैसे देऊन करार मुदतीआधी मोडण्याचा), सेंटपर्यंत नाही पण हजारांपर्यंत तरी जुळला. तो जुळल्यावर २०२१ ते २०२५ या चार वर्षांतला रोस्टर, म्हणजे खेळाडूंचा ताफा, तसा का होता, हे बरंचसं उलगडतं. म्हणून नोंद जरा लांब आहे.

नव्याने आलेल्यांसाठी आधी दोन शब्द. एनएचएल या आइस हॉकी लीगचा २००४-०५चा अख्खा मोसम लॉकआउटमध्ये (मालकांच्या टाळेबंदीत) बुडाला आणि त्यातून २००५-०६ला संघाच्या एकूण पगारावर मर्यादा, म्हणजे कॅप, आली, तेव्हा ३ कोटी ९० लाख डॉलरची. २०२५-२६ला ती ९ कोटी ५५ लाख आहे. मर्यादा पक्की. दंड भरून वर जायची सोय नाही. खालचीही एक मर्यादा असते, २०२५-२६ला ७ कोटी ६ लाखांची. एका खेळाडूला एकूण मर्यादेच्या २० टक्क्यांहून जास्त देता येत नाही. आपल्या आयपीएलमध्ये २०२५च्या लिलावाला १२० कोटींची पर्स होती आणि लखनौने पंतला २७ कोटी दिले, म्हणजे साडेबावीस टक्के. हॉकीत हा करार लीगने परत पाठवला असता.

आणि शीटसाठी सगळ्यात महत्त्वाचं: कॅपमध्ये धरतात ती त्या वर्षीची प्रत्यक्ष रक्कम नाही, करारातली वार्षिक सरासरी. तिलाच कॅप हिट म्हणायचं. पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

४ जुलै २०१२ला वाइल्डने झॅक परीसे आणि रायन सूटर दोघांना एकाच दिवशी करारबद्ध केलं. प्रत्येकी १३ वर्षं, ९ कोटी ८० लाख डॉलर. सरासरी ७५ लाख ३८ हजार. पैसे मात्र सुरुवातीच्या वर्षांत भरभरून आणि शेवटी शेवटी चिमूटभर. सरासरी खाली आणायची ही तेव्हाची सर्रास युक्ती होती. लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०१३च्या नव्या करारनाम्याने स्वतःच्या खेळाडूला जास्तीत जास्त आठ वर्षं आणि वर्षागणिक पगाराच्या चढ-उताराला लगाम असं करून ती बंद केली, पण हे दोन करार त्याआधीचे.

जुलै २०२१मध्ये वाइल्डचा जनरल मॅनेजर बिल गेरिनने दोघांचाही बायआउट केला. चार वर्षं शिल्लक होती. आता आकडे बघा, एका खेळाडूचे. उरलेला प्रत्यक्ष पगार ६०, २०, १० आणि १० लाख, एकूण १ कोटी. नियमाप्रमाणे त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे ६६ लाख ६७ हजार, दुप्पट वर्षांत फेडायचे. आठ वर्षं, दर वर्षी ८ लाख ३३ हजार. मालकाच्या खिशाला काहीच नाही! पण कॅपचं सूत्र वेगळं आहे: कॅप हिटमधून फक्त प्रत्यक्ष वाचलेले पैसे वजा करायचे. पहिल्या वर्षी ६० लाखांऐवजी ८.३३ लाख दिले, म्हणजे ५१.६७ लाख वाचले, ७५.३८ मधून ते गेले की उरतात २३.७ लाख. तिसऱ्या वर्षी मुळात पगारच १० लाख, वाचले जेमतेम १.६७ लाख, उरले ७३.७ लाख. म्हणजे माणूस दुसऱ्या संघात खेळतोय आणि त्याचा जवळजवळ पूर्ण हिट तुमच्या डोक्यावर.

दोघांचं मिळून शीटमध्ये असं येतं: २०२१-२२ला ४७.४ लाख, २०२२-२३ला १ कोटी २७.४ लाख, त्यापुढची दोन वर्षं १ कोटी ४७.४ लाख, आणि मग २०२८-२९पर्यंत दर वर्षी १६.७ लाख. २०२३-२४ची मर्यादा होती ८ कोटी ३५ लाख. त्यातले साडेसतरा टक्क्यांहून जास्त पैसे बर्फावर न दिसणाऱ्या दोन माणसांचे. बाकी संघ ८ कोटी ३५ लाखांत खेळत होते, वाइल्ड पावणेसात-सात कोटींच्या मध्ये कुठेतरी.

याच शीटमध्ये केविन फियालाची ओळ बघा. २०२१-२२ला ८५ गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून), कारकिर्दीतला सर्वोत्तम मोसम, आणि नेमका तेव्हाच नव्या करारावर आलेला. पुढच्या वर्षी डेड कॅप, म्हणजे गेलेल्या त्या दोघांपायी अडकलेली कॅप, ८० लाखांनी उडी मारणार हे गेरिनला वर्षभर आधीच ठाऊक होतं. जून २०२२मध्ये फियाला लॉस एंजेलिसला गेला आणि तिथे त्याला सात वर्षांसाठी वर्षाला ७८ लाख ७५ हजार मिळाले. डेड कॅपची उडी आणि फियालाचा पगार जवळपास सारखेच आहेत. त्या काळात ‘एवढा गोल करणारा पोरगा का सोडला’ म्हणून जी बोंबाबोंब झाली, तिचं उत्तर हे दोन कप्पे शेजारी ठेवले की मिळतं.

बदल्यात आला ब्रॉक फेबर, तेव्हा मिनेसोटा विद्यापीठाकडून खेळणारा, आणि पहिल्या फेरीचा पिक (नवे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमधला हक्क), ज्यातून लियम ओग्रेन निवडला गेला. फेबर २०२३-२४ला पहिला पूर्ण मोसम खेळला, सामन्याला सरासरी जवळपास २५ मिनिटं, आणि कॅप हिट ९ लाख २५ हजार. पहिल्या जोडीचा बचावपटू तळाच्या पगारात! माझ्या मते डेड कॅपच्या वर्षांत वाइल्डला तगवलं ते पहिल्या कराराच्या या मुलांनी. पहिल्या करारात पगाराची कमाल ठरलेली असते, मुलगा कितीही चांगला निघो. फेबरच्या जोडीला मार्को रॉसी होता, तोही तसाच स्वस्तात.

पण तगणं वेगळं आणि जिंकणं वेगळं. २०२२, २०२३ आणि २०२५ला पहिल्याच फेरीत बाहेर, २०२४ला प्लेऑफच नाही. रोस्टर पगाराप्रमाणे उतरता लावला की कारण दिसतं. वर काप्रिझोव्ह ९० लाख, स्पर्जन ७५.७५ लाख, बोल्डी ७० लाख. तळाला ७ लाख ७५ हजारांच्या किमान पगाराच्या आसपासची मंडळी. मध्ये २५ ते ४५ लाखांचा, तिसऱ्या ओळीत (आक्रमकांच्या तिसऱ्या तिकडीत) खेळून २० गोल देणारा अनुभवी माणूस विरळाच. कॅप तंग झाली की आधी हा मधला माणूस जातो. तारे सोडवत नाहीत आणि पोरं स्वस्त असतात.

दिवसांची टॅबही चालू केली. कॅप रोज मोजली जाते, त्यामुळे मोसमाच्या सुरुवातीला मोकळे ठेवलेले पैसे साठत जातात. सोयीसाठी मोसम १९० दिवसांचा धरा. तुम्ही १० लाख मोकळे ठेवले आणि ट्रेड डेडलाइनला (खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या तारखेला) मोसमाचे ४० दिवस उरले, तर १० लाख × १९० ÷ ४०, म्हणजे ४७ लाख ५० हजारांचा खेळाडू बसतो. काठोकाठ भरलेल्या संघाला हे सुख नाही. उलट तिथे दुखापत झाली की बदली माणूस आणायलाही जागा नसते. २०१०मध्ये न्यू जर्सीने कोवालचुकला १० कोटींचा करार दिला आणि ऑक्टोबरात पिट्सबर्गविरुद्ध १८ ऐवजी १५ स्केटर (गोलरक्षक सोडून बाकीचे खेळाडू) घेऊन उतरायची पाळी आली. हा सामना मी टॅबची चाचणी म्हणून वापरणार आहे.

दीर्घ दुखापतीची पळवाट, म्हणजे लांब काळ जखमी खेळाडूच्या पगाराइतकं मर्यादेच्या वर जायची सवलत, टॅबमध्ये घेतलेली नाही. टँपाने २०२०-२१चा सगळा साखळी मोसम कुचेरोव्हला बाहेर ठेवलं आणि त्याने प्लेऑफमध्ये येऊन ३२ गुण केले, कप जिंकला. आता २०२५-२६पासून प्लेऑफमध्येही उतरणाऱ्या २० जणांची बेरीज मर्यादेत बसावी लागते. बरं झालं, एवढंच म्हणतो.

आता पुढचं. डेड कॅप १६.७ लाखांवर आल्या-आल्या वाइल्डने काप्रिझोव्हला आठ वर्षांसाठी वर्षाला १ कोटी ७० लाख दिले, लीगच्या इतिहासातला सगळ्यात मोठा आकडा. डिसेंबर २०२५मध्ये व्हँकुव्हरकडून क्विन ह्यूज आला, रॉसी, ब्युइअम, ओग्रेन आणि एक पहिल्या फेरीचा पिक देऊन. म्हणजे फियालाच्या बदल्यात आलेला एक तुकडा, ओग्रेन, फिरून ह्यूजपाशी पोचला.

२०२६-२७साठी जाहीर झालेली मर्यादा १० कोटी ४० लाख धरून मांडलं: काप्रिझोव्ह १७०, फेबर ८५, ह्यूज ७८.५, स्पर्जन ७५.७५, बोल्डी ७०, गुस्ताव्हसन ६८, ब्रोडिन ६०, एरिक्सन-एक ५२.५. सगळे लाखांत. आठ जणांचे ६५९.७५ लाख, डेड कॅप धरून ६७६ लाखांच्या पुढे. २३ जणांच्या रोस्टरमधल्या उरलेल्या १५ जागांना साधारण ३६३ लाख, म्हणजे माणशी २४ लाख. मधला माणूस परत येऊ शकतो, निदान एका मोसमापुरता.

एका मोसमापुरता, कारण ह्यूजचा करार २०२७ला संपतो. ७८.५ लाख हा २०२१चा भाव आहे. २०२७-२८ची मर्यादा ११ कोटी ३५ लाख ठरली, तर एका खेळाडूची कमाल २ कोटी २७ लाख होते. तितकं तो मागेल असं नाही, पण काप्रिझोव्हच्या खाली मागेल असंही वाटत नाही. त्याच उन्हाळ्यात स्पर्जनचे ७५.७५ लाख सुटतात. पुढच्या खेपेला ह्यूजचे तीन वेगवेगळे भाव घालून तिसरी ओळ कितीत बसते ते मांडतो. कोणाकडे न्यू जर्सीच्या त्या आठवड्याचे रोजचे रोस्टर असतील, तर कळवा.